धुराला वाट देणारे कासमभाई

पनवेलच्या उरण नाक्यावर एका पत्र्याच्या शेडवर पाटी होती : 'कासमभाई सायलेन्सरवाले. नवे, जुने, फुटके.' फुटका सायलेन्सर कोण कशाला घेईल, असं मनात येऊन मला त्या पाटीचं हसू यायचं. इथल्या आयटीआयमध्ये मी ड्रॉइंग शिकवायचो. दीड वर्ष रोज त्या शेडवरून सायकलने गेलो, पण आत कधी डोकावलो नाही. गाडीचा धूर बाहेर जाण्याची नळी, तिच्यात बघण्यासारखं काय असणार, असं माझं ठाम मत होतं.

ते मत बदललं शिरीष प्रधानमुळे. शिरीष माझा शाळेपासूनचा मित्र. घरची भाताची गिरणी होती, ती तो नीट चालवायचा, पण जीव सगळा मोटार रॅलीत. वर्षातून दोन-तीनदा आपली जुनी गाडी घेऊन तो घाटाघाटांतून पळवायला जायचा आणि त्याच्या शेजारी नकाशा नि स्टॉपवॉच घेऊन मी बसायचो. माझे आकडे पक्के होते आणि वजन कमी होतं, एवढीच माझी पात्रता.

ब्याण्णव साल असावं. मुंबईत कुणीतरी शिरीषच्या डोक्यात हेडरचं भरवलं होतं. इंजिनाच्या चार सिलिंडरांतून जळलेला धूर बाहेर येतो, तो कारखान्याने बसवलेल्या एका ओतीव लोखंडी तुकड्यात एकदम कोंबला जातो. हेडर म्हणजे त्या तुकड्याच्या जागी चार स्वतंत्र, वाकवलेल्या नळ्या. त्या पुढे जाऊन एकमेकींना मिळतात. धूर मोकळा झाला की इंजिनाला दम येतो. मुंबईत असा हेडर परदेशातून मागवून मिळत होता, पण शिरीषच्या गाडीच्या मापाचा नव्हता. गिरणीतल्या फिटरने सांगितलं, "नाक्यावर तो कुवेतवाला हाय ना, त्याला विचारा."

आम्ही गेलो तेव्हा कासमभाई गाडीखाली होते. बाहेर आले ते पाठीवर सरपटत. उंच, काटकुळा माणूस, पन्नाशी ओलांडलेला. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे लहान लहान पांढरे डाग. डावी भुवई अर्धीच. वेल्डिंग करताना टोपी खिळ्याला टांगून ठेवायची आणि कुणी भेटायला आलं की आधी ती डोक्यावर घालायची, मग बोलायचं, ही त्यांची रीत. तशी त्यांनी टोपी घातली आणि शिरीषचं सगळं ऐकून घेतलं.

"आवाज मोठा पायजे का गाडी पळायला पायजे?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," शिरीष म्हणाला.

"दोन्ही नाय मिळत, शेट. आवाज म्हंजे वाया गेलेला जोर. जो जोर चाकाला जायचा, तो लोकांच्या कानाला गेला."

मग त्यांनी इंजिनाची एकही माहिती विचारली नाही. विचारलं ते असं : घाटात गाडी कुठल्या वळणावर मरते? तेव्हा कुठला गिअर असतो? गिअर खाली टाकला की लगेच उचलते का जरा विचार करून? शिरीष सांगत गेला. कासमभाई डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमची गाडी वर नाय मरत, मधी मरते. चार नळ्या एकदम एका जागी आणल्या तर सपाटीवर धावंल, घाटात नाय. आधी दोन-दोनची जोडी करू, मग दोघींची एक. नळ्या जरा लांब ठेवू."

मी इंजिनिअरिंगचा पदविकाधारक. ही गोष्ट पुस्तकात दोन पानांच्या गणिताने मांडलेली मी वाचली होती. ती गाडीच्या तक्रारीवरून, डोळे मिटून कुणी सांगेल असं मला वाटलं नव्हतं.

त्यांना नीट नकाशा काढून द्यावा म्हणून मी दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगचा कागद घेऊन गेलो. त्यांनी तो आदराने बघितला, भिंतीला टेकवून ठेवला आणि खिशातून सुतळी काढली. इंजिनाच्या पहिल्या भोकापासून, स्टिअरिंगच्या दांड्याला वळसा घालून, चासीच्या आतून त्यांनी ती सुतळी नेली. ज्या वाटेने सुतळी न ताणता, न लोंबता गेली, ती नळीची वाट. चारही नळ्यांच्या वाटा वेगळ्या, पण लांबी मात्र सारखीच हवी. तीन दिवस ते सुतळ्याच लावत होते. नळ्या आणायला आम्ही तिघं कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेलो. तिथे त्यांनी खिशातल्या किल्लीने एकेक नळी टिचकावून बघितली आणि चाळीसातल्या सहा बाजूला काढल्या. दुकानदार वैतागला. कासमभाई त्याला म्हणाले, "बाकीच्या चांगल्याच हायत, कुंपणाला विका."

नळ्यांत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही टोकांना लाकडाची बुचं मारायची, कोळशाच्या भट्टीत लाल करायची आणि मग वाकवायची, म्हणजे वळणावर नळी चपटी होत नाही. हे त्यांनी माझ्यासमोर केलं. चारही वाकवून झाल्यावर मी मोजपट्टी काढली. वेडीवाकडी नळी मोजपट्टीने कशी मोजणार हे माझ्या उशिरा लक्षात आलं. कासमभाईंनी एकेक नळी खालून बूच मारून उभी केली, काठोकाठ पाणी भरलं आणि ते पाणी एका तांब्यात ओतलं. तांब्याच्या आत खिळ्याने ओढलेली एक रेघ होती. तीन नळ्यांचं पाणी रेघेला बरोबर टेकलं. चौथ्या नळीचं पाणी रेघेच्या जरासं वर गेलं. त्यांनी चौथी नळी बोटाच्या पेराएवढी कापली, पुन्हा पाणी भरलं, पुन्हा ओतलं.

ते सगळं बघताना मी एका ओल्या पत्र्याच्या डब्यावर बसलो होतो, हे मला घरी गेल्यावर कळलं.

त्या हेडरने शिरीषची गाडी खंडाळ्याच्या घाटात जिथे दुसरा गिअर मागायची, तिथे तिसऱ्यात चढू लागली. पहिल्यांदा चढली तेव्हा वर पोचल्यावर शिरीषने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडून त्या चार नळ्यांकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "नुसत्या सुतळीने रे."

त्यानंतर मी शाळा सुटल्यासारखा आयटीआयमधून सुटून त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. ते मला मास्तर म्हणायचे. बशीतून चहा प्यायचे, आणि चहा संपेपर्यंत गिऱ्हाइकाशी कामाचं बोलायचे नाहीत. करंजा बंदरावरचे कोळी बोटीच्या इंजिनाचे पाइप घेऊन यायचे, ट्रकवाले यायचे, आणि शिरीषमुळे पुण्या-मुंबईचे रॅलीवालेही येऊ लागले. धुराबद्दल ते घरातल्या माणसासारखं बोलायचे. एकदा म्हणाले, "मास्तर, धूर हा पाव्हणा हाय. अडवून धरला तर घर डोक्यावर घेतो. धक्के मारून घालवला तर जाताना घरातलं बी घेऊन जातो. त्याला मानानं दारापर्यंत सोडायचा." पेट्रोलचा न जळलेला अंश जास्त मोकळ्या नळीतून कसा निघून जातो, हे मी पुढे मुलांना याच वाक्याने शिकवलं.

त्यांची एक सवय मात्र मला विचित्र वाटायची. कुठलीही गाडी पुरी झाली की ती गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ते तिच्या मागच्या सीटवर जाऊन बसायचे. काचा बंद करायचे, इंजिन चालू ठेवायला सांगायचे आणि दहा मिनिटं आत नुसते बसून राहायचे. मे महिन्यातसुद्धा. घामाने निथळत बाहेर यायचे आणि मगच "न्या" म्हणायचे. रॅलीच्या गाडीला मागची सीटच नव्हती, तर ते मागच्या पत्र्यावर मांडी घालून बसले. शिरीष हसला. म्हणाला, "कासमभाई, इथे कोण बसणार आहे?"

"ते आज कुठं ठावं हाय," ते म्हणाले.

याचा उलगडा झाला तो एका शाळेच्या व्हॅनमुळे.

नव्या पनवेलच्या सेक्टरांतून जुन्या गावातल्या शाळेत मुलं आणणारी एक व्हॅन होती. चालवणारा रमेश म्हणून एक तरुण, स्वभावाने वाईट नव्हता. सायलेन्सरचं मागचं टोक सडलं म्हणून तो कासमभाईंकडे आला. त्यांनी पूर्ण पाइप बदलायला सांगितला. त्याला घाई होती. म्हणाला, सडलेला भाग कापून टाका, मधेच तोंड सोडा, गाडी चालते ना, बस. कासमभाईंनी नकार दिला. रमेशने दुसरीकडून कापून घेतला, ते नाक्यावरून जाणाऱ्या व्हॅनच्या आवाजावरून कासमभाईंना कळलं. पाइपाचं तोंड आता मुलांच्या सीटखाली उघडत होतं.

पावसाळा होता. दोन दिवसांनी मी सायकलवरून जात असताना शाळेच्या फाटकाशी गर्दी दिसली. व्हॅन उभी होती, काचा वाफेने धुरकटलेल्या, आणि व्हॅनच्या समोर रस्त्यावर कासमभाई उभे होते, टोपी न घालता. रमेश हॉर्न वाजवत होता. कासमभाई हलत नव्हते.

"पोरांना खाली उतरव," ते म्हणत होते.

"चाचा, बाजूला व्हा. घरी सोडायचंय, आया वाट बघतायत."

"तू मागं बस. काचा लाव. मी चालवतो, पाव तास फिरवतो. तुला काय झालं नाय तर मी तुजे पाय धरीन."

रमेश उतरला, त्यांच्या छातीला हात लावून त्यांना ढकललं. ते चिखलात गुडघ्यावर बसले आणि तसेच बसून राहिले. जमलेल्यांत कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला काम दिलं नाही म्हणून राग आलाय. ते शब्द त्यांना ऐकू गेले हे मला चेहऱ्यावरून दिसलं. पण ते व्हॅनच्या दाराकडेच बघत होते. आतल्या एका मुलीने खिडकीला डोकं टेकलं होतं आणि एवढ्या गोंधळातही ती झोपली होती.

शाळेच्या मुख्याध्यापिका बाहेर आल्या, त्या म्हणजे माझ्याच वर्गमित्राची आई, कर्वेबाई. मी पुढे होऊन त्यांना एवढंच सांगितलं, "बाई, हा माणूस धुराबद्दल चुकत नाही." बाईंनी स्वतः दार उघडलं. आतला वास बाहेर आला आणि त्या एक पाऊल मागे सरल्या. मुलं उतरवली. दोघं ओकली. ती झोपलेली मुलगी उचलून आणावी लागली. वाऱ्यावर बसवल्यावर पाच-सात मिनिटांनी तिने डोळे उघडून पाणी मागितलं. दोन दिवस डोकं दुखतंय, असं चार-पाच मुलांनी घरी सांगितलं होतं आणि आयांनी अभ्यासाचा कंटाळा म्हणून सोडून दिलं होतं.

कासमभाई त्या मुलीने पाणी पिईपर्यंत चिखलातच होते. मग उठले, रमेशच्या हातातून चावी घेतली आणि म्हणाले, "चल, नवा पाइप टाकू. तासाचं काम हाय."

त्यांनी पाइप टाकला, मागे दहा मिनिटं बसले, आणि रमेशला "न्या" म्हणाले. रमेश जाताना त्यांच्याकडे बघू शकला नाही. पुढे तो वर्षभर दर महिन्याला व्हॅन दाखवायला आणत असे.

तो गेल्यावर कासमभाईंनी टोपी घातली आणि चहा सांगितला. बशी हातात धरून, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं ते असं.

कुवेतमध्ये लढाई आली तेव्हा सगळे पळाले. वाळवंटातून जॉर्डनच्या हद्दीपर्यंत जायला त्यांना एक ट्रक मिळाला. मागे ताडपत्री बांधलेली, आत आठ-दहा कुटुंबं, आपल्याच कोकणातली. कासमभाई ड्रायव्हरच्या शेजारी बसले, कारण गाडी बिघडली तर दुरुस्त करणारे तेच. निघाल्यावर थोड्या वेळाने खालचा आवाज बदलला.

"पाइप फाटला हे मला कळलं होतं, मास्तर. माजं कामच ते. पण म्हटलं, गाडी चालते हाय, थांबलो तर बाकीच्या गाड्या आपल्याला सोडून जातील. पुढच्या थांब्यावर बघू."

पुढचा थांबा तीन तासांनी आला. ताडपत्री सोडली तेव्हा मागचे सगळे गुंगीत होते. उन्हाने असेल असं सगळ्यांना वाटलं. एकेकाला उतरवून वाऱ्यावर निजवलं, तोंडावर पाणी मारलं. सगळे उठले. मुरुडच्या एका कुटुंबाची सात वर्षांची मुलगी उठली नाही.

"मी दुधाच्या पावडरीचे डबे कापून पाइपाला गुंडाळले, तारेनं बांधले. अर्ध्या तासाचं काम. आधी केलं असतं तर..." चहा निवला होता, तो त्यांनी तसाच प्यायला. "मग हद्दीपर्यंत मी मागं बसलो."

पुन्हा त्यांनी हा विषय कधी काढला नाही आणि मीही नाही. मी त्या दिवशी घरी गेलो तो सायकल हातात धरून, चालत.

पंचाण्णवच्या सुमाराला मुंबईत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि कासमभाईंच्या धंद्यात नवा पेच आला. कन्व्हर्टर म्हणजे पाइपात मधे बसवलेला एक डबा. त्यातल्या बारीक जाळीतून जाताना धुरातलं विष बरंचसं मरतं. रॅलीवाल्यांना तो डोळ्यासमोर नको होता. धुराची वाट अडते, गाडी मंदावते, म्हणून काढून टाकायचा, असंच सगळे म्हणत. कासमभाईंकडे पहिला आला तो शिरीषच. त्याने नवी गाडी घेतली होती. आता तिच्यातच रॅली करायची आणि तिच्यातूनच बायको-मुलीला अलिबागला न्यायचं.

"नवा हेडर करा आणि हा डबा फेकून द्या," तो म्हणाला.

मला वाटलं, कासमभाई आता त्याला चांगलं सुनावतील. त्यांनी वाकून डबा बघितला आणि म्हणाले, "कुवेतला अमेरिकेच्या गाड्या यायच्या, त्यांना हा असायचा. तिथलं पेट्रोल शिशाचं, त्यानं याची जाळी बुजते. म्हणून आमी कापून फेकायचो. किती कापले त्याची गणतीच नाय. ढीग लागला होता मागच्या अंगणात." मग विचारलं, "तुमी पेट्रोल कुठलं घालता?"

"अनलेडेड. पंपावर वेगळी नळी आहे आता."

"मग याला मारायचं कारण शिशाचं तर नाय. राह्यलं वेगाचं. किती वेग खातो हा डबा?"

"पुष्कळ," शिरीष म्हणाला.

"पुष्कळ म्हंजे किती?"

मुंबईचे मोठमोठे गॅरेजवाले दहा टक्के सांगत, पंधरा सांगत. मोजलेलं कुणी नव्हतं. कासमभाई म्हणाले, "मंग मोजू. मी बी आजवर दुसऱ्याचंच ऐकत आलोय."

त्यांनी नवीन गाडीचा हेडर केला आणि त्याच्या पुढे मधला पाइप दोन तऱ्हांचा केला. एकात कन्व्हर्टर, दुसरा मोकळा. दोन्हींना सारख्याच चकत्या जोडल्या, चार बोल्ट काढले की पाइप बदलता येईल अशा. मागचा सायलेन्सर दोन्हींना तोच. गावाबाहेर एक दगडाची खाण होती. तिच्यावर जाणारा चढ मालकाने डंपरसाठी डांबरी केला होता. शुक्रवारी खाण बंद असे. मालकाची परवानगी काढून आम्ही सकाळी तिथे गेलो.

कासमभाईंची अट होती की कुठला पाइप लावलाय ते शिरीषला सांगायचं नाही. पाइप बदलताना त्याला झाडाखाली पाठ करून बसवलं. कानांत कापसाचे बोळे घातले आणि वरून हेल्मेट. मी चढाच्या टोकाला झेंडा आणि स्टॉपवॉच घेऊन उभा. तापलेला पाइप निवेपर्यंत दर वेळी अर्धा तास थांबावं लागे. असं सहा वेळा. प्रत्येक वेळी वर आल्यावर शिरीष छातीठोकपणे सांगे, हा मोकळा, हा डब्याचा.

सहापैकी चार वेळा तो चुकला.

शिरीषचा चेहरा उतरला होता. मी आकड्यांची सरासरी काढली आणि कागद कासमभाईंना दिला. अंदाज असा चुकल्यावर आता ते शिरीषला शब्दात पकडणार, असं मला वाटलं. मी त्यांच्या जागी असतो तर पकडलं असतं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"मोकळा पाइप दोन सेकंदानं पुढं हाय," ते म्हणाले. "खोटं नाय बोलणार. दोन सेकंद हायत."

"रॅलीत दोन सेकंद म्हणजे खूप असतात, कासमभाई," शिरीष म्हणाला.

"असणार. तिथं दोन सेकंदासाठीच जाता तुमी. तिथं मोकळा लावा, मी नाय म्हणणार नाय. जंगलात एक गाडी, आत दोन माणसं, दोघं स्वतःच्या मर्जीनं बसलेली." त्यांनी काढून ठेवलेला पाइप उचलून गाडीच्या डिकीत ठेवला, वर चार बोल्टांचा पाना ठेवला. "पण अलिबागला जाताना दोन सेकंद वाचवून तुमी काय करणार? समुद्र कुठं पळून जातो?"

शिरीष हसला नाही. त्याने मान हलवली.

त्यांनी 'डबा काढू नका' असं म्हटलं नाही आणि 'काढा' असंही म्हटलं नाही. मोजलं, जेवढं होतं तेवढं सांगितलं, आणि पाना त्याच्या डिकीत ठेवून दिला. इतकी वर्षं शिकवून मी कुठल्या विद्यार्थ्याला एवढं मोकळं सोडू शकलो नाही.

त्या हिवाळ्यातल्या रॅलीत आम्ही मोकळा पाइप लावून उतरलो आणि आमच्या गटात दुसरे आलो. पहिल्याशी अंतर होतं अकरा सेकंदांचं. शेवटच्या टप्प्यावर शिरीषची बायको आणि चार वर्षांची मुलगी त्याला बघायला आल्या होत्या. हार घातले, फोटो झाले. मग वहिनी मुलीला घेऊन गाडीकडे निघाल्या, घरी जायला. शिरीष म्हणाला, "थांब जरा." त्याने डिकीतून पाना काढला आणि सगळ्या गर्दीत, गळ्यातल्या हारासकट, तो गाडीखाली शिरला. पाइप अजून तापलेला होता. त्याचा तळवा चांगलाच भाजला, पण पाइप बदलूनच तो बाहेर आला. बाकीचे रॅलीवाले हसत होते. रॅलीच्या गाड्यांची इंजिनं लावून देणाऱ्या मुंबईच्या एका मोठ्या ट्यूनरने विचारलं, "हे काय नवीन?"

"आमच्या गावची पद्धत आहे," शिरीष म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेढे घेऊन नाक्यावर गेलो. कासमभाईंनी कितवा नंबर आला ते विचारलंच नाही. शिरीषच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "पाइप कुठं बदललात?"

"तिथेच. मैदानावर."

कासमभाईंनी त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग आत जाऊन मलम आणलं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात माझी नाशिकला बदली झाली. त्याआधीच्या आठवड्यात आमच्या आयटीआयने गावातल्या मेकॅनिकांसाठी पाच दिवसांचा वर्ग ठेवला होता. कार्बोरेटर जाऊन संगणकावर चालणारी इंजिनं येत होती, त्यांची ओळख. शिकवायला पंचविशीतला एक इंजिनिअर आला होता. नावं नोंदवायला पोरसवदा मेकॅनिक आले, त्यांतले निम्मे दुसऱ्या दिवशी गळाले. सामान बांधून झाल्यावर चौथ्या दिवशी मी कपाटाची किल्ली द्यायला कचेरीत गेलो आणि परत येताना त्या वर्गाच्या खिडकीशी थांबलो.

पहिल्या बाकावर कासमभाई होते. त्यांनी आपण येणार असं मला सांगितलं नव्हतं. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, नाकावर चष्मा, आणि बाकात पाय मावत नाहीत म्हणून ते बाहेर, वाटेत काढून बसलेले. समोर दोनशे पानी वही. उर्दूत, उजवीकडून डावीकडे, ते फळ्यावरचं सगळं उतरवून घेत होते; आकृत्या मात्र हुबेहूब फळ्यासारख्या. धुराच्या पाइपात बसवलेला एक छोटा सेन्सर प्राणवायू मोजतो आणि त्यावरून संगणक पेट्रोल कमीजास्त करतो, असं त्या तरुण इंजिनिअरने समजावलं. कासमभाईंनी हात वर केला. हात वर करून, परवानगी मिळेपर्यंत, ते तसेच थांबले.

"सर," ते म्हणाले, "पाइप मोठा केला, नळ्यांची लांबी बदलली, तर धूर तिथं लवकर येणार नायतर उशिरा येणार. मग हा सेन्सर सांगतो ते आताच्या धुराचं का मघाच्या?"

तो इंजिनिअर फळ्याकडे वळला, मग खडू ठेवून प्रामाणिकपणे म्हणाला, "चाचा, हे मला बघावं लागेल. उद्या सांगतो."

"हां सर. सावकाश सांगा," कासमभाई म्हणाले.

मला आत जाऊन निरोप घ्यायचा होता, पण वर्ग चालू होता. त्यांनी चष्मा वर सरकवला, आपला प्रश्न वहीत नीट लिहून काढला आणि त्याच्या खाली, उत्तरासाठी, तीन ओळी मोकळ्या सोडल्या.